साडेपाचला सुटणारी शर्यत

नमस्कार श्रोतेहो.

मे महिन्याची पाच तारीख, पहाटेचे साडेपाच. बाहेर कोकीळ ओरडतोय, घरातली माणसं पंख्याखाली गाढ झोपलीत आणि कोपऱ्यातला कॉम्प्युटर मात्र चक्कीसारखा घरघरतोय. आपले साडेपाच म्हणजे जागतिक वेळेनुसार मध्यरात्र. त्या ठोक्याला दरवर्षी हौशी विज्ञानवेड्यांची एक शर्यत सुटते. बॉइंक पेंटॅथलॉन तिचं नाव. हिच्यात माणसं धावत नाहीत, त्यांचे कॉम्प्युटर धावतात.

याची सुरुवात झाली ती रेडिओपासूनच. कॅरिबियनमधल्या प्वेर्तो रिको बेटावर अरेसिबोला ३०५ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण होती. अवकाशातून कुणी हाक मारतंय का, हे तिच्या नोंदींमधून शोधायचं होतं. पण नोंदींचा ढीग एवढा की अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांकडे तो उपसायला यंत्रं पुरेनात. मग १७ मे १९९९ रोजी त्यांनी 'सेटी अ‍ॅट होम' सुरू केलं. नोंदींचे बारीक तुकडे करायचे, एकेक तुकडा म्हणजे जेमतेम १०७ सेकंदांची रेडिओ नोंद, आणि ते लोकांच्या घरी पाठवायचे. तुम्ही चहा प्यायला उठलात की तुमचा रिकामा कॉम्प्युटर ते काम करणार. पुढे याच मंडळींनी घरोघरच्या कॉम्प्युटरांना अशी कामं वाटणारी बॉइंक नावाची यंत्रणा उभारली आणि मग पल्सार म्हणजे ठेक्यात रेडिओ स्पंदनं पाठवणारे तारे, प्रथिनं, अगडबंब मूळ संख्या, असली कितीतरी कामं घरोघरी पोचली. २०१० मध्ये 'आइनस्टाइन अ‍ॅट होम'मधून एक पल्सार सापडला, तो अमेरिकेतल्या आयोवाच्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एका गृहस्थाच्या कॉम्प्युटरवर.

परग्रहावरचं मात्र कुणी बोललं नाही. ३१ मार्च २०२० ला सेटीने नवे तुकडे पाठवणं थांबवलं. पण त्याआधी एक गंमत झाली होती. कुणी किती तुकडे सोडवले याचा हिशेब त्यांनी सगळ्यांसमोर मांडला होता. झालं! माणसाला गुणतक्ता दाखवा आणि मग बघा. संघ झाले, देशादेशांत चुरस लागली. आणि थोड्याच दिवसांत काहींनी काम लवकर उरकावं म्हणून प्रोग्रॅमच खोलून बदलला, तर काहींनी चक्क खोटी उत्तरं पाठवली. परग्रहवासीयांच्या शोधात कॉपी! यावर तोड निघाली ती आपल्या बोर्डाच्या मास्तरांनाही पटेल अशी. एकच तुकडा दोन वेगवेगळ्या घरी द्यायचा आणि उत्तरं जुळली तरच गुण द्यायचे. या गुणांच्या एककाला 'कोबलस्टोन' म्हणतात. म्हणजे फरसबंदीचा दगड, पण नाव पडलं ते जेफ कॉब या सेटीच्याच माणसावरून.

तर पेंटॅथलॉन. जर्मनीचा 'सेटी जर्मनी' हा संघ २०१० पासून ती भरवतो. चौदा दिवस, पाच प्रकार. मॅरेथॉन पूर्ण चौदा दिवसांची, सिटी रन पाच दिवसांची, स्प्रिंट तीन. प्रत्येक प्रकाराला वेगळा विज्ञान प्रकल्प, आणि तो कुठला हे अगदी थोडे दिवस आधी कळतं. मला यातली खरी मजा वाटते ती बंकरिंगची. प्रकल्प जाहीर झाला की संघ कामं उतरवून घेतात, सोडवतात आणि पाठवतच नाहीत. पत्ते छातीशी धरून बसतात. प्रतिस्पर्ध्याला वाटतं हे ढेपाळले, आणि शेवटच्या रात्री हे पोत्यानं उत्तरं ओततात. खेळ म्हणून झकास. पण पलीकडे एखादा छोटा प्रकल्प एका सर्व्हरवर चाललेला असतो, त्याचा जीव त्या रात्री गुदमरतो. आणि ज्या संशोधकाला उत्तर हवंय, तो आठवडाभर ताटकळतो.

'प्राइमग्रिड'वाले इथे कडक. प्रचंड मूळ संख्या शोधणारी ही मंडळी. २०१६ मध्ये त्यांना ९३,८३,७६१ अंकी मूळ संख्या सापडली. त्यांच्या स्वतःच्या स्पर्धांत काम शर्यत सुरू झाल्यावर घेतलेलं आणि संपण्याआधी परत केलेलं असेल तरच धरतात. एका ओळीच्या नियमात आधीपासूनची साठेबाजी संपली. मला विचाराल तर आयोजकाचं डोकं इथंच दिसतं. बक्षीस काय ठेवलं यात नाही, काय मोजलं यात. तुम्ही जे मोजाल तेच लोक करणार.

दुसरा घोळ आकाराचा. काही संघांकडे शेकडो कॉम्प्युटर आणि एखाद्याकडे तीन, त्यातला एक जुना लॅपटॉप. तालमीत ६१ किलोच्या पोराला आपण महाराष्ट्र केसरीसमोर उभं करत नाही. 'फॉर्म्युला बॉइंक' ही दुसरी स्पर्धा भरवणाऱ्या फ्रेंच भाषक संघानं म्हणूनच लीग पाडल्या. मोठे मोठ्यांत, धाकटे धाकट्यांत. आणि गुण मोटारशर्यतीसारखे, पहिल्याला २५, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५. कुणी हजारपट काम केलं तरी त्याला २५ च मिळणार.

जर्मनीत मे म्हणजे वसंत. आपल्याकडे वैशाखवणवा. कॉम्प्युटर रात्रंदिवस पूर्ण ताकदीनं चालला की खोली भट्टी होते, आणि महिन्याअखेरीस विजेचं बिल बघून घरातली माणसं जे बोलतात ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. त्यामुळे कुणी अशी स्पर्धा इथं भरवणार असेल तर माझं ऐका, ती थंडीत ठेवा. आणि फक्त स्वतःच्या कॉम्प्युटरवर. ऑफिसची किंवा कॉलेजची यंत्रं न विचारता जुंपू नका.

प्राइमग्रिडची आणखी एक रीत मला आवडते. शेवटचा ठोका पडला तरी अंतिम निकाल लागत नाही. उत्तर तपासायला दुसरं घर लागतं आणि ते दुसरं घर कधीकधी बराच वेळ लावतं. तोवर सगळ्यांना विनंती असते: अर्धवट राहिलेली कामं एकतर पुरी करा, नाहीतर परत सोडून द्या, म्हणजे ती दुसऱ्या कुणाला देता येतील. स्पर्धेचे गुण मिळायचे बंद झालेले असतात. तरी लोक ती पुरी करतात. लग्नाची वरात गेल्यावर मांडवात थांबून सतरंज्या गोळा करणारी चार माणसं असतात ना, तसे.