खंडाळ्याचं रिव्हर्सिंग स्टेशन

पत्रिकेवर विषय छापलाय 'रिव्हर्सिंग स्टेशन का बंद पडलं'. म्हणजे बोरघाटात आगगाडीची दिशा उलटवायचं ठिकाण. त्यावर येतोच. पण आयते श्रोते समोर बसलेत, तर आधी मनातलं एक बोलून घेतो. खंडाळा म्हटलं की तुम्हाला धुकं, धबधबा आणि चिक्की आठवते. चिक्की लोणावळ्याची, ठाऊक आहे. मागच्या रांगेतल्या लोणावळेकरांनी खाली बसावं. माझं म्हणणं इतकंच, की खंडाळ्याचे खरे दिवस धुक्याचे नव्हेत, खोळंब्याचे. घाटानं माणसं अडवली म्हणून हे गाव नावारूपाला आलं.

हिशेब सोपा आहे. मुंबईकडून रूळ १८५६ मध्ये खोपोलीला पोचले. पुण्याकडून १८५८ च्या जूनमध्ये खंडाळ्याला. मधे बोरघाट, तिथे रूळच नाहीत. म्हणजे १८६३ पर्यंत पुण्याला निघालेला गृहस्थ खोपोलीला उतरणार, ऐपतीप्रमाणे पालखीतनं नाहीतर बैलगाडीतनं घाट चढणार, आणि हाडं खिळखिळी झाली की खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसणार. आता हमाल आले, गाडीवान आले, बैलांची वैरण आली, मुक्काम आला. पाच वर्षं खंडाळा म्हणजे पुण्याकडच्या लोहमार्गाचं शेवटचं टोक! आज आपल्या किती गाड्या तिथे थांबतात, ते विचारू नका.

या पाच वर्षांत घाटात काय चाललं होतं? फेव्हिएल नावाचा ठेकेदार होता. पोटठेकेदारांनी मजुरी थकवली, १८५९ च्या जानेवारीत मजूर उठले, मारामारी झाली, आणि मार्चमध्ये फेव्हिएलनं ठेका सोडला. मग सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला. आला, आणि पंधरवड्यात वारला. इथे कुणीही म्हणेल, त्याची बायको ॲलिस पेटी भरून परत गेली असेल. ॲलिसबाई गेल्या नाहीत. नवऱ्याचा ठेका त्यांनी आपल्या अंगावर घेतला, ॲडमसन आणि क्लाउझर या घाट माहीत असलेल्या दोघांना कामावर नेमलं आणि काम पुरं करून दिलं. काळ बघा, १८५९! आमच्या सोसायटीत अजून पाण्याच्या टाकीचा ठेका बाईला द्यायचा तर तीन सभा होतात.

पण माझी तक्रार पुढेच आहे. ॲलिसबाईंचं नाव निदान इतिहासात आहे. मुख्य अभियंता बर्कले, त्याचंही आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या आणि त्याबद्दल गोळी खाणाऱ्या शिंगरोबा धनगराची लोककथा तुम्ही ऐकलीच असेल. त्याला देऊळ मिळालं, ड्रायव्हर जाताजाता नाणं टाकतात. आणि १८६१ मध्ये या घाटात एका वेळी ४२ हजार माणसं राबत होती, त्यांचं काय? पटकीनं झोपड्याच्या झोपड्या ओस पडल्या. कड्यावरून दोर बांधून माणूस खाली सोडायचा, त्यानं लोंबकळत पहारीनं सुरुंगाचं भोक पाडायचं, आणि बत्ती दिली की वरच्यांनी त्याला वेळेत ओढून घ्यायचं. त्या दोराला धरलेल्या एकाचंही नाव मला कुणी सांगावं. सेल्फी पॉइंटला मात्र पाटी आहे.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, पळतो.

सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढायचं, २५ बोगदे, आणि काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट असा चढ. वाटेत डोंगराच्या सोंडेवर रूळ वळवायला जागाच नाही. मग रूळ तिथेच संपवले आणि दुसऱ्या दिशेनं परत वर नेले. गाडी टोकाला यायची, पुढचं इंजिन सुटायचं, शेजारच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला जाऊन लागायचं, आणि शेवटचा डबा पहिला होऊन गाडी वर निघायची. हेच ते रिव्हर्सिंग स्टेशन. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट खुला झाला, तेव्हापासून ६६ वर्षं हा कारभार चालला.

बंद का पडलं? वाहतूक वाढली, आणि प्रत्येक गाडीमागे इंजिन फिरवण्यात वेळ जायचा. पुण्यापर्यंत विजेची गाडी न्यायचं ठरलं, त्याच सुमारास नवे बोगदे खणून सरळ वर जाणारा मार्ग काढला. १९२९ मध्ये गाड्या तिकडून जाऊ लागल्या आणि रिव्हर्सिंग स्टेशनचं काम संपलं. चढ मात्र तोच राहिला, म्हणून कर्जतला मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावावी लागतात. गाडी तिथे थांबते ती त्यासाठी, वड्यासाठी नव्हे. वडा हा आपला फायदा. अमृतांजन पुलाबद्दलही बोलायचं होतं, पण तो २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पाडला आणि अध्यक्ष आता उभेच राहिलेत.