एटीएमपुढचा वेळ नेमका कुठे जातो?

श्रोतेहो, नमस्कार.

एटीएममधून पैसे काढायला वेळ लागला की आपण दोष बहुधा यंत्राला किंवा नेटवर्कला देतो. यंत्राच्या वाट्याचे काम तसे थोडेच असते. कार्डाची माहिती आणि मागितलेली रक्कम आपल्या बँकेपर्यंत जाते, तिथून मंजुरी येते, मग कॅसेटमधून, म्हणजे यंत्रातल्या नोटांच्या पेटीतून, एकेक नोट उचलली जाते, दोन नोटा चिकटून आल्या नाहीत ना हे तपासले जाते आणि पैसे बाहेर येतात. सगळे सुरळीत असेल तर हे काही सेकंदांत उरकते. बाकीचा वेळ जातो प्रश्नोत्तरांत: भाषा कोणती, खाते बचत की चालू, रक्कम किती, पावती हवी का, आणखी व्यवहार करायचा आहे का?

यातले किती प्रश्न खरोखर विचारायला हवेत? कार्डावरच्या चिपमध्ये खातेदाराच्या पसंतीच्या भाषेची नोंद ठेवण्याची सोय चिप-कार्डांसाठीच्या ईएमव्ही या आंतरराष्ट्रीय मानकातच आहे. तरीही वर्षानुवर्षे मराठीच निवडणाऱ्या माणसाला यंत्र दर वेळी नव्याने भाषा विचारते. ज्या कार्डाला एकच बचत खाते जोडलेले आहे, त्याच्या धन्याला चालू खात्याबद्दल विचारणे तर निव्वळ वेळकाढूपणा होय. पावतीचा प्रश्न टाळता येत नसेल, तर तो बँकेची मंजुरी येईपर्यंतच्या वेळात विचारावा, म्हणजे दोन्ही कामे एकाच वेळी होतील.

वेळ कमी करणे आणि तो कमी भासणे, या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रांगेतल्या माणसाच्या मनःस्थितीविषयी व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये लिहिलेल्या निबंधात म्हटले आहे की, किती थांबायचे हे ठाऊक नसले आणि मनात धास्ती असली की तेवढाच वेळ जास्त लांब वाटतो. आपल्याकडे ही धास्ती अगदी ठरलेली आहे: खात्यातून रक्कम कापली गेली आणि नोटा आल्याच नाहीत तर? अशा वेळी स्क्रीनवर ‘कृपया प्रतीक्षा करा’ एवढेच झळकत राहावे आणि शेजारी कर्जाची जाहिरात फिरत राहावी, हे मला खातेदाराच्या काळजीची थट्टा केल्यासारखे वाटते. त्याऐवजी ‘बँकेची मंजुरी मिळाली’, ‘नोटा मोजत आहोत’ असे टप्प्याटप्प्याने कळवले, तर घड्याळातला एकही सेकंद न वाचता जीव भांड्यात पडतो.

व्यवहार फसलाच, तर पुढे काय होणार हेही यंत्राने तिथेच सांगावे. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार अशी कापली गेलेली रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत खात्यात परत जमा व्हायला हवी आणि उशीर झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई द्यावी लागते. ही दोन वाक्ये स्क्रीनवर दिसली, तर कित्येक माणसे घाबरून पुन्हा पुन्हा कार्ड घालणार नाहीत आणि मागची रांगही लवकर सरकेल.

वाईट बातमी आधी सांगणे हेही तितकेच गरजेचे आहे. यंत्रात फक्त ५००च्या नोटा उरल्या असतील, तर ते पिन आणि रक्कम घालून झाल्यावर का कळावे? पहिल्याच स्क्रीनवर तसे लिहिले, तर ३०० रुपये हवे असलेला माणूस लगेच दुसरीकडे जाईल. छोट्या नोटांची ही अडचण ओळखूनच रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना टप्पे ठरवून दिले: सप्टेंबर २०२५ अखेर ७५ टक्के आणि मार्च २०२६ अखेर ९० टक्के एटीएममध्ये निदान एका कॅसेटमधून १०० किंवा २०० रुपयांच्या नोटा मिळाव्यात.

एका ठिकाणी मात्र घाई मुद्दाम रोखावी लागते. पैसे हाती आले की माणसाच्या मनाने काम संपलेले असते, त्यामुळे आधी नोटा आणि नंतर कार्ड असा क्रम ठेवला की कार्ड यंत्रातच विसरले जाते. म्हणून आधी कार्ड परत द्यायचे, ते उचलल्यावरच नोटा सोडायच्या, अशी रचना रूढ झाली. तिच्यामुळे क्षणभर उशीर होतो खरा, पण नव्या कार्डासाठी बँकेत घालायच्या खेपा वाचतात.

दृष्टिहीन खातेदारांना तर हा सारा संवाद ऐकूनच करावा लागतो. १ जुलै २०१४ पासून बसवली जाणारी नवी एटीएम बोलणारी आणि ब्रेल कीपॅड असलेली असावीत, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे. डोळ्यांना नकोसा मजकूर गाळून पुढे जाता येते, कानांना ती सोय नसते. त्यामुळे वायफळ प्रश्नांचा सर्वांत मोठा भुर्दंड याच खातेदारांना पडतो. सूचना पुरी होण्याआधीच कळ दाबून पुढे जाण्याची मुभा त्यांना प्रत्येक एटीएमवर असायला हवी.