पांदणीवरची गाडी

नमस्कार श्रोतेहो.

सीतादही, म्हणजे वावरातली पूजा, करून कापसाची वेचणी लागली की आमच्या गॅरेजपुढे गाड्यांची रांग लागते. यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी, बसस्थानकामागे माझं गॅरेज आहे. 22 वर्षं झाली, रोज याच गाड्या उघडतो आणि जोडतो. जून ते सप्टेंबर गाडी वावरात, पांदणीत, नाल्यात कशीबशी हाणलेली असते. तेव्हा पेरणी-डवरणीच्या धावपळीत तिच्याकडे बघायला कोणाला सवड नसते, हे मला समजतं. पण आता सकाळी मजूर आणायचे, दुपारी पोराला शाळेतून घ्यायचं, रात्री-बेरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं, सगळं तिच्यावरच. म्हणून आज तिच्याबद्दल, आपल्या मोटरसायकलबद्दल बोलतो.

गाडीसोबत मिळतं त्या पुस्तकात सर्व्हिसिंगचे किलोमीटर दिलेले असतात. ते चांगल्या रस्त्याचा हिशेब धरून दिलेले. धुळीच्या, चिखलाच्या वाटेवर गाडी चालत असेल तर ही कामं लवकर करा, असंही त्यातच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ती बारीक ओळ आपल्यासाठी आहे. वावरापर्यंतची तीन किलोमीटर पांदण पहिल्या गिअरमध्ये, मागे युरियाची बॅग बांधून कापली, तर मीटरवर तीनच किलोमीटर चढतात. क्लच, चेन आणि इंजिन मात्र त्याच्या कितीतरी पट झिजलेलं असतं. मीटर पाहून सर्व्हिसिंग करायची आपली सवय इथेच फसते.

मागच्या आठवड्यात जवळच्या खेड्यातले एक काका आले. म्हणाले, "मिस्त्री, गाडी वढून नाही रायली. पिस्टन गेलं वाटते." पिस्टनच्या खर्चाचे पैसे बांधूनच ते निघाले होते. मी पिस्टनला हात लावला नाही. गाडी मेन स्टँडवर घेतली, न्यूट्रल केली आणि मागचं चाक हाताने फिरवलं. अर्धा फेराही झाला नाही, चाक जागीच थांबलं. ब्रेकचे लायनर ड्रमला घासत होते. पुढच्या मडगार्डखाली काळी माती वाळून विटेसारखी झाली होती, टायर तिला खरवडत चाललं होतं. इंजिनाच्या पट्ट्यांमधल्या फटी तर पार लिंपलेल्या. आपल्या साध्या गाडीचं इंजिन वाऱ्याने थंड होतं. फटीच बुजल्या तर वारा शिरेल कुठून? लाकडी काडीने माती कोरून काढली, ड्रम उघडून ब्रेकचा कॅम साफ केला, त्याला ग्रीसचा एक ठिपका दिला, हवा गाळणारा फिल्टर बदलला. काका त्याच गाडीवर चढ चढून घरी गेले.

तुम्हीही हे करून पाहा. दोन्ही चाकं हाताने फिरवा. सुटी फिरली पाहिजेत. घर्र आवाज आला किंवा चाक धरून हलवल्यावर डुलायला लागलं, तर बेअरिंग पाहायला लागेल. दसऱ्याला आपण गाडी धुतो, हार घालतो, फार चांगली रीत आहे. पण वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा चाकाच्या मधोमध किंवा फिल्टरच्या डब्यावर मारू देऊ नका. पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन नेतं, आणि दोन महिन्यांनी तेच चाक आवाज करतं. चिखल आधी भिजवा, मग साध्या नळीने धुवा.

फिल्टर दोन तऱ्हेचे असतात. स्पंजचा असेल तर रॉकेलमध्ये धुवा, पिळू नका, दाबून काढा, पूर्ण सुकू द्या, मग इंजिन ऑइलचे थोडे थेंब चोळून बसवा. पिवळसर, हाताला चिकट लागणारा कागदाचा असेल तर तो धुवायचा नाही आणि हवाही मारायची नाही. त्याचा चिकटपणाच धूळ धरतो. तो बदलायचा, आणि पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरात बदलायचा.

आता चेन. यावर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त हेळसांड तिचीच होते. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, चावी काढलेली. चेनच्या कव्हरला खालच्या बाजूला रबरी बूच असतं, ते काढा. त्या भोकातून चेन खाली-वर ढकलून पाहा. साधारण एक इंच, म्हणजे 25 मिलिमीटरच्या आसपास ती हलली पाहिजे. मग चाक थोडं फिरवा, पुन्हा पाहा. असं चार-पाच ठिकाणी. एका ठिकाणी ताठ आणि दुसऱ्या ठिकाणी ढिली लागली, तर ती चेन एकसारखी झिजलेली नाही. ओढून उपयोग नाही, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चक्रं, एकदमच बदला. नुसती चेन बदलली तर जुने दाते नव्या चेनला खातात. ओढायची वेळ आली तर दोन्ही बाजूंचे नट सारखेच फिरवा, खुणा जुळवा. फार ताठही नको. वजन बसल्यावर चेन आणखी ताणली जाते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो. चेनला लॉक असेल तर त्याचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला असावं. उलट बसवलेलं लॉक वाटेत कधी निसटेल, सांगता येत नाही.

तेल कोणतं द्यायचं? गाडीतून काढलेलं जळकं ऑइल चेनला लावायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्यात धातूचा चुरा असतो, ते लावू नका. 90 नंबरचं गिअर ऑइल चालतं, आणि जास्तीचं फडक्याने पुसून घ्या, नाहीतर धूळ बसून त्याचा लेप होतो. आणि एक कळकळीची विनंती: इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला कपडा लावू नका. माझ्याकडे काम शिकायला आलेल्या एका मुलाच्या बोटाचं टोक असंच गेलं. तेव्हापासून माझ्या गॅरेजमध्ये चावी काढल्याशिवाय कोणी चेनला हात लावत नाही.

ऑइलचं थोडक्यात. ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल मोटरसायकलमध्ये ओतू नका. आपल्या गाडीचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, भलतं ऑइल पडलं की तो घसरायला लागतो. डब्यावर जेएएसओ एमए असं लिहिलेलं पाहून घ्या. तपासताना गाडी सपाट जागी, मेन स्टँडवर, दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, तेवढाच वेळ थांबा, मग काडी पुसून पाहा. ऑइल चहासारखं दुधट दिसलं तर पाणी शिरलंय. नाल्याच्या पाण्यात गाडी बुडून बंद पडली असेल तर किक मारतच राहू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. प्लग काढा आणि मगच किक मारून पाणी बाहेर काढा.

2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांबद्दल दोन गोष्टी. त्यांत बहुतेकांना पेट्रोलचा पंप टाकीत असतो आणि पेट्रोलनेच तो थंड राहतो. टाकी नेहमी तळाला नेली तर पंप जातो, आणि तो महाग आहे. दुसरं, बॅटरी पूर्ण उतरली तर ढकलून ही गाडी चालू होईलच असं नाही. म्हणून सेल्फ जड जायला लागला की लगेच बॅटरी दाखवा.

हवा एकट्यासाठी वेगळी, डबलसीटसाठी वेगळी असते. बहुतेक 100 सीसीच्या गाड्यांना मागच्या चाकात एकट्यासाठी 28 आणि दोघांसाठी 40 पीएसआयच्या आसपास. नक्की आकडा चेन कव्हरजवळच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात पाहा, आणि टायर थंड असताना भरा. दोन माणसं आणि 45 किलोची युरियाची बॅग, इतक्या वजनासाठी मात्र ही गाडी नाही, हवा कितीही भरा. युरियाचे दाणे रिंगवर, कॅरिअरवर सांडले असतील तर त्याच दिवशी धुवा. ते ओल धरतात आणि लोखंड खातात.

सध्या घराघरांत कापूस भरून ठेवलेला आहे. वावरातून आल्याबरोबर तापलेला सायलेन्सर घेऊन गाडी कापसाच्या गंजीला किंवा कडब्याला टेकवून उभी करू नका. अंगणात थंड होऊ द्या, मग आत घ्या. आत घेतली तरी कापसापासून आणि धान्यापासून दूर ठेवा, तिथे उंदीर असतात आणि वायरिंग कुरतडतात.

उद्या सकाळी गाडी काढायच्या आधी वाकून तेवढं चेन कव्हरचं रबरी बूच पाहा. माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ गाड्यांना ते नसतंच. कोणीतरी कधीतरी चेन पाहायला काढलेलं असतं आणि पुन्हा लावलेलं नसतं. त्या भोकातून सगळी पांदण चेनवर जाते. बूच कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळतं. तोवर जाड रबराचा तुकडा कापून लावला तरी चालेल.

नमस्कार.