बोगदा सहा-सात मिनिटांचा

नमस्कार श्रोतेहो.

अचानक छाती धडधडायला लागते, श्वास पुरत नाही, हातपाय गार पडतात, तोंडाभोवती मुंग्या येतात आणि आता आपण काही वाचत नाही असं पक्कं वाटतं. वीस-तीस मिनिटांत सगळं ओसरतं. दवाखान्यात ईसीजी चांगला येतो आणि डॉक्टर सांगतात, हा पॅनिक अटॅक. आज मी त्या अटॅकपेक्षा त्याच्या दुसऱ्या दिवसापासून काय करायचं, यावर बोलणार आहे.

आधी एक सूचना. पहिल्या वेळी हे पॅनिक की हृदय, हे घरातल्यांनी ठरवू नये. १०८ला फोन करा, ईसीजी काढा, साखर, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. चालताना किंवा चढ चढताना छाती दाबल्यासारखी होत असेल, कळ जबड्यात किंवा हातात जात असेल, मधुमेह वा रक्तदाब असेल, तर एक मिनिटही थांबू नका. देवाला गाऱ्हाणं जरूर घाला, मनाला आधार मिळतो. पण ईसीजी त्याच दिवशी.

आता एका बाईंची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. अंगणवाडी सेविका, वय अडतीस, गाव संगमेश्वर तालुक्यातलं. दर महिन्याला मीटिंगसाठी रत्नागिरीला पॅसेंजरने जायच्या. त्या दिवशी पहाटे उठून घरचं आवरलं, मशेरी लावली, दोन कप कोरा चहा घेतला आणि उपाशीपोटी निघाल्या. (या मीटिंगा सकाळी दहाच्या का ठेवतात? बाराला ठेवल्या तर निम्म्या बायका दोन घास खाऊन येतील. हे मी जिथे संधी मिळेल तिथे बोलते, आजही बोलते.) गाडीत उभं राहायला जागा नाही. उक्षी सुटलं आणि गाडी करबुडेच्या बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटरचा हा बोगदा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब.

आत शिरल्यावर मिनिटभरात त्यांची छाती उडायला लागली. त्या भराभर श्वास घेऊ लागल्या. बोटं वाकडी होऊन पक्ष्याच्या चोचीसारखी एकत्र आली, सोडवता येईनात. गराडा पडला. कोणी कांदा नाकाला लावला, कोणी ओरडलं, "मोठा श्वास घ्या, मोठा श्वास घ्या!" आणि नेमकं तेच नको होतं. श्वास कमी पडत नव्हता, जास्त होत होता. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, म्हणून चक्कर, म्हणून मुंग्या, म्हणून ती वाकडी बोटं. शेजारी एक मासेवाली बसली होती. तिने गर्दी मागे सारली, बाईंना आपल्या जागी बसवलं आणि म्हणाली, "ताई, गरम पेजेवर फुंकर घालतो ना, तशी घाला. हळू. माझ्याबरोबर." याहून चांगला सल्ला मलाही देता आला नसता.

रत्नागिरीला दवाखान्यात नेलं. ईसीजी बरोबर, साखर बरोबर. "काही नाही झालेलं, घरी जा," असं सांगितलं गेलं. इथे गडबड झाली. "काही नाही" याचा अर्थ बाईंनी घेतला, की लोकांना वाटतंय मी नाटक करते. दुखणं खरं होतं. ते हृदयाचं नव्हतं, एवढंच. दुखण्याला नाव दिलं असतं तर पुढचे तीन महिने वाचले असते.

त्या तीन महिन्यांत काय झालं? आधी गाडी सोडून एसटी धरली. मग एसटीतही दाराजवळचीच जागा. मग नवरा सोबत लागायला लागला. मग निवळीच्या घाटात जीव घाबरा झाला आणि एसटीही सुटली. शेवटी आठवडा बाजारालाही जाईनात. अटॅक एकच आला होता. बाकी सगळं खाल्लं ते पुन्हा येईल या धास्तीने. हे परत सांगते: पहिल्या अटॅकपेक्षा दुसऱ्याची धास्ती जास्त नुकसान करते.

मग उलटी वाट धरली, पायरीपायरीने. पहिला आठवडा रोज संगमेश्वर स्टेशनच्या बाकावर वीस मिनिटं बसायचं, गाडी येताना-जाताना बघायची. भीतीला दहापैकी गुण द्यायचे. पहिल्या दिवशी आठ, सहाव्या दिवशी तीन. तीनवर आल्याशिवाय पुढची पायरी नाही. मग उक्षीपर्यंत एक स्टेशन. मग नवरा शेजारी बसवून बोगद्यातून रत्नागिरी. मग नवरा दुसऱ्या डब्यात. मग एकट्या. एकच नियम कडक होता: भीती चढत असताना पळायचं नाही. चढतीला पळालं, की मन समजतं, पळालो म्हणून वाचलो; आणि पुढच्या वेळी आणखी लवकर पळायला लावतं.

एकट्या गेल्या त्या दिवशी बोगद्यात पुन्हा धडधड झाली. हो, झाली. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि पेजेवर फुंकर घातली. धडधड चढली, टिकली आणि उतरायला लागली तेवढ्यात बाहेर उजेड दिसला. घड्याळात सात मिनिटं झाली होती. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला आधी हेच सांगितलं, "बोगदा सात मिनिटांचाच आहे."

अटॅकचंही तसंच. बहुधा दहा मिनिटांच्या आत तो टोकाला जातो आणि मग उतरतोच. शरीराला तेवढा जोर धरून ठेवता येत नाही. पुन्हा सांगते, उतरतोच.

श्वासाचं नीट ऐका. नाकाने आत, मनात चार आकडे. ओठ चंबू करून बाहेर, सहा आकडे. पोट हलावं, खांदे नाही. चूल फुंकतो तसा जोर लावायचा नाही; पेजेवरची फुंकर. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि तेही बरं वाटत असताना. अटॅक आल्यावरच पहिल्यांदा करायला गेलात तर जमणार नाही, पोहणं बुडताना शिकता येत नाही. कागदी पिशवीत श्वास घेऊ नका. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते घातक ठरतं.

चहा दिवसाला दोन कप, उपाशीपोटी एकही नाही. मशेरी म्हणजे तंबाखूच, ती नाडी वाढवते. कमी करत करत सोडा. दम्याचा पंप घेतल्यावरही धडधड होते, ती ओळखा. पण पंप मनाने बंद करू नका.

घरच्यांनो, "घाबरू नको" म्हणू नका. ते त्या माणसाच्या हातात नसतं. शेजारी बसा, तुम्ही स्वतः हळू श्वास घ्या, आणि पुढच्या खेपेला त्याची बाजारहाट तुम्ही करू नका.

महिनाभरात पुन्हा अटॅक आले, किंवा कुठे जाणं टाळायला लागलात, तर मानसोपचार तज्ज्ञाकडे जा. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं नाव घेतलं की लोक खाली मान घालतात. अहो, तिथे बाह्यरुग्ण विभागातही तपासतात; दाखवून संध्याकाळी घरी येता येतं. गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीला थोडी बेचैनी वाढू शकते, म्हणून कमी मात्रेने सुरू करतात. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने थांबवू नका. आणि शेजारणीची अल्प्राझोलाम, म्हणजे घबराट कमी करणारी गोळी, घेऊ नका. तिने वीस-तीस मिनिटांत बरं वाटतं खरं, पण सवय लागते, आणि गोळी खिशात नसली की पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही.

जाणं लांब पडत असेल तर टेलीमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतीचा फोन आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत. पेन घेतलंत? १४४१६. पुन्हा, एक चार चार एक सहा.

नमस्कार.