बैल सोडले म्हणून गाडी थांबत नाही

(सांगलीत मेंटेनन्स विभागातल्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

समोर कुपवाड, मिरज, पलूसकडची बरीच मंडळी दिसताहेत, आयटीआयची मुलंही आहेत. म्हणून आपल्या उसाच्या बैलगाडीपासूनच सुरुवात करतो. भरलेली गाडी उताराला लागलीय आणि काहीतरी बिनसलं. गाडीवानानं तिथेच बैल सोडले तर ओढणारं कुणी राहिलं नाही, हे खरं; पण गाडी सुटली की! जाणता गाडीवान बैलांकडूनच गाडी आवरून धरतो, उभी राहिली की चाकाखाली दगड लावतो आणि मग बैल सोडतो.

मशीन थांबवण्याच्या ज्या तीन कॅटेगऱ्या आयईसी ६०२०४-१ या मानकात दिल्या आहेत, त्यांचं मर्म यातच आहे. कॅटेगरी ० म्हणजे तडक बैल सोडणं, मोटरची ताकद लगेच काढून घेणं. कॅटेगरी १ मध्ये ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक यंत्रच, मोटरचा वेग उतरवत आणतं आणि ती थांबली की ताकद काढली जाते. कॅटेगरी २ मध्ये थांबल्यावरही बैल जुंपलेलेच असतात. म्हणून इमर्जन्सी स्टॉपला ती चालत नाही. ० किंवा १ यांतलीच एक, आणि कुठली ते मशीन बघून ठरवायचं.

साखर कारखान्यातलं सेंट्रिफ्युगल, म्हणजे गरगर फिरवून साखर मळीपासून वेगळी करणारं मशीन घ्या. त्याची बास्केट मिनिटाला हजारावर फेरे घेते. नुसती वीज तोडली तर ती बराच वेळ फिरत राहील, कारण वेग दुप्पट झाला की आत साठलेली ऊर्जा चौपट होते. तिथे ब्रेकिंग करूनच थांबवायला हवं. आता ती ऊर्जा उलटी ड्राइव्हमध्ये येते आणि बऱ्याच ठिकाणी ब्रेकिंग रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जिरते. तो रेझिस्टर जळालेला असेल तर डीसी बसचं, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या डीसी विजेच्या वाटेचं, व्होल्टेज चढतं, ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो आणि मोटर मोकळी सुटते. रोजच्या कामात वेग हळूहळू उतरवला जात असेल, तर रेझिस्टर गेल्याचा पत्ताही लागत नाही. कळतं ते नेमकं घाईच्या वेळी.

मला जास्त बोलायचंय ते उभ्या ॲक्सिसबद्दल, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या भागाबद्दल. एका शॉपमधल्या व्हीएमसीचं, म्हणजे वरून टूल आणून धातू कापणाऱ्या मशीनचं, मेंटेनन्स माझ्याकडे होतं. ऑपरेटर टूलखालची चिप, म्हणजे धातूचा कीस, काढत होता. काहीतरी वेगळा आवाज आला म्हणून त्यानं डाव्या हातानं इमर्जन्सी दाबली. अगदी बरोबर केलं त्यानं. पण टूल धरणारं हेड दोन बोटं खाली सरकलं. उजवा हात क्षणभर आधी बाहेर आला होता, म्हणून वाचला.

झालं काय होतं? सर्वो, म्हणजे हेड हलवणारी ड्राइव्ह-मोटरची जोडी, चालू असताना हेडचं वजन मोटरच तोलून धरते. इमर्जन्सी दाबली की सेफ टॉर्क ऑफ, म्हणजे एसटीओ लागतो, मोटरचा जोर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तो ब्रेक तेलानं माखला होता. मी दर महिन्याला त्याचा ‘टक’ आवाज ऐकून चेकलिस्टवर टिक करत होतो. त्या आवाजावरून ब्रेक हलतो एवढंच कळतं; तो वजन धरतो का, हे कळत नाही. ती चूक माझी होती. त्या पोराचा हात मला अजून दिसतो.

आणखी एक. हा ब्रेक स्प्रिंगच्या जोरावर लागतो आणि २४ व्होल्ट मिळाले की सुटतो. पण लागायलाही त्याला काही मिलिसेकंद लागतात. मोटरचा जोर त्याआधीच काढला, तर तेवढ्यात हेड खाली येतं. म्हणून आधी ब्रेकला हुकूम, मग थोडं थांबून एसटीओ, असा क्रम ड्राइव्हच्या पॅरामीटरमध्ये, म्हणजे सेटिंगमध्ये, बसवावा लागतो. शिवाय हा मुळात धरून ठेवण्याचा ब्रेक आहे, पळतं वजन रोज थांबवण्यासाठी केलेला नाही.

एन्कोडरची, म्हणजे जागा आणि वेग सांगणाऱ्या सेन्सरची, केबल तुटली तर? मग ॲक्सिस कुठे आहे, किती वेगानं चाललाय, हेच ड्राइव्हला कळत नाही. हळूहळू थांबवायचं काम त्याच्या भरवशावर टाकता येत नाही. म्हणून कॅटेगरी १ ला वेळेची मर्यादा घालतात: ठरलेल्या वेळात वेग उतरो न उतरो, एसटीओ लागलाच पाहिजे. आणि तो लावणारं सर्किट नेहमीच्या पीएलसी प्रोग्रॅमवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या प्रोग्रॅमवर, विसंबून नको. दोन वेगळे चॅनेल हवेत, म्हणजे एका रिलेचा (विजेनं चालणाऱ्या स्विचचा) कॉन्टॅक्ट चिकटला तरी दुसरा मोटरची ताकद काढेल, आणि चिकटलेला बदलेपर्यंत मशीन पुन्हा सुरू होणार नाही.

मुलांनो, एसटीओ लागला म्हणजे ड्राइव्हमधली वीज गेली असं समजून कव्हर उघडू नका. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये डीसी बसवर साडेपाचशेच्या वर व्होल्ट असतात. आयसोलेटर, म्हणजे मुख्य वीज तोडणारा स्विच, बंद करा, कुलूप लावा, ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं थांबा आणि मीटरनं मोजा.

ब्रेक तपासताना मी आता हेडखाली जाड लाकडी ठोकळा ठेवतो, मध्ये बोटभर फट सोडतो, बारीक हालचाल दाखवणारा डायल लावतो आणि सर्वो बंद करतो. मग पाच मिनिटं हात लांब ठेवून नुसता काट्याकडे बघत उभा राहतो. त्या व्हीएमसीवर नवा ब्रेक बसवला, तेव्हा तो ऑपरेटरही माझ्या शेजारी उभा होता. काटा जागचा हलला नाही, तेव्हा त्यानं ठोकळा काढला.