मगर, तार आणि दोन पेन्सिल सेल

(दृश्य: मिरज जंक्शन, इंजिनाचा पँटोग्राफ)

पाच-सहा वर्षांच्या पोराला जुन्या विजेच्या गाड्यांची सनावळी सांगत बसू नका. फलाटावर वरची तार आणि तिला टेकलेली इंजिनाच्या टपावरची कमान, म्हणजे पँटोग्राफ, दाखवा आणि विचारा, वरून आलेली वीज जाते कुठे? चाकांतून रुळांत, तिथून परत सबस्टेशनला. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, तेव्हाही फेरा हाच. फक्त तारेत 1500 व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) होते. मिरजेत 25,000 व्होल्ट एसी (सतत दिशा बदलणारी वीज) आहेत.

(दृश्य: फळी, फॉइल, खेळण्यातली कार)

हा फेरा घरी मांडता येतो. दोन सेलवर चालणारी जुनी कार घ्या, सेल काढा. मोटरची एक वायर टपावर नेऊन जाड तांब्याच्या तारेच्या कमानीला जोडा, झाला पँटोग्राफ. दुसरी खाली सोडा, टोक सोलून झाडूसारखं पिंजा. हे राहिलं की गाडी ढिम्म हलत नाही, कारण खेळण्याची चाकं प्लास्टिकची.

दोन फुटी फळीवर फॉइलची अखंड पट्टी चिकटवा. जोडात डिंक गेला की वीज तुटते. वर दोन खुंट्यांवर तांब्याची तार ताणा. सेलचं एक टोक तारेला, दुसरं फॉइलला. जुन्या मोटरच्या गुंडाळीतली तार वापरलीत तर ती उघडी दिसते, पण तिच्यावर वार्निश असतं. पॉलिश पेपरने घासल्याशिवाय उपयोग नाही. तारेला झोल पडला तर गाडी थांबत-थांबत जाते. तार फॉइलवर पडली तर शॉर्ट होऊन सेल तापतात, म्हणून सेल मोठ्यांच्या हाताशीच असावेत.

तार थोडी तिरकी ताणा: एक खुंटी मध्याच्या डावीकडे, दुसरी उजवीकडे. खऱ्या रेल्वेतही सरळ मार्गावर ती मध्यापासून दोन्हीकडे सुमारे 20 सेंटिमीटर सरकवतात, नाहीतर पँटोग्राफची पट्टी एकाच जागी झिजून खाच पडेल.

(दृश्य: पुठ्ठ्याची मगर)

वर पुठ्ठ्याची मगर चढवा. घाटात मालगाड्या ओढणारं डब्ल्यूसीजी-1 इंजिन याच नावाने ओळखलं जाई: मध्ये केबिन, दोन्हीकडे लांब नाकाड, चाकांना वाफेच्या इंजिनासारखे दांडे. पुठ्ठा तीन तुकड्यांत कापा. खरी मगर वळणावर वाकायची तीही अशा तीन भागांमुळेच. खरी पाहायची तर मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात आहे.

सेल उलटे लावले की खेळणं मागे धावतं. मगरीत असं व्हायचं नाही: तिच्या सिरीज मोटरमध्ये चुंबकही त्याच विजेवरचं, म्हणून वीज उलटली की चुंबक आणि फिरणारी गुंडाळी दोन्ही एकदमच उलटतात आणि दिशा तीच राहते.