ट्रॅक्टरला पेढे, इंजिनाला टोमणे

(पैठण तालुक्यातल्या एका गावात वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेलं भाषण. लिहून काढताना थोडी काटछाट केली आहे.)

मंडळी, मागं ऐकू येत नसेल तर पुढं सरका, सतरंजीवर जागा आहे.

आजचा विषय माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळं सुचला. तो इथंच बसलाय, नाव घेत नाही. बारा वर्षं त्यानं नाथसागरात, म्हणजे आपल्या जायकवाडी धरणाच्या पाण्यात, थर्माकोलवर बसून मासेमारी केली. गेल्या दिवाळीच्या तोंडावर त्यानं फायबरची होडी घेतली, तिला मागं लावायचं इंजिन घेतलं, चांगल्या प्रतीची नवी जाळी घेतली, बर्फाची मोठी पेटी घेतली. सगळा मिळून खर्च तीन लाखांच्या पुढं गेला. होडी टेम्पोतून उतरत होती तेव्हाच पारावरून आवाज आला, "हाव सुटली हो पोराला. आता धरण खरवडून काढतंय बघा." त्याच्या बायकोला नळावर ऐकावं लागलं, "पैसा जिरंना झालाय तुमाला." रात्री तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "गुरुजी, माझं काही चुकलं का?"

त्याच महिन्यात त्याच आळीत नवा ट्रॅक्टर आला होता. त्याला हार घातला, नारळ फोडला, घरोघर पेढे पोचले. मलाही मिळाला. ट्रॅक्टर होडीपेक्षा दुपटीनं महाग, तरी कुणी हावेचा शब्द काढला नाही. काढू नयेच, घामाचा ट्रॅक्टर आहे तो. पण मग भोयाच्या पोराच्या इंजिनालाच हा प्रश्न का? गरिबानं गरिबासारखंच दिसावं, अशी आपली कुठंतरी आत अपेक्षा असते. तो अंगठेफाटक्या चपलेत असला की आपल्याला त्याचा कळवळा येतो, आणि त्यानं बूट घातले की पोटात दुखतं. मला हे फार लागलंय, म्हणून मी आज उभा आहे.

थर्माकोल म्हणजे काय ते ज्यांनी जवळून पाहिलं नाही त्यांना सांगतो. थर्माकोलचे दोन-तीन जाड ठोकळे पोत्यात घालून शिवायचे, वरून दोरीनं आवळायचे. त्यावर मांडी घालून बसायचं. दोन्ही हातांत फळीचे छोटे तुकडे, त्यांनी पाणी मागं ढकलत जायचं. कमरेखालचं अंग ओलं ते ओलंच. नाथसागर म्हणजे गावतळं नव्हे. भरलेला असला की साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतो, पलीकडचा काठ दिसत नाही. दुपारून वारं सुटलं की लाटा उठतात. जाळं ओढायला माणूस एका बाजूला वाकला की ठोकळा दुसऱ्या बाजूनं वर येतो. पायात जाळ्याचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, अडकला तर पट्टीचा पोहणाराही वर येत नाही. या काठावरच्या किती घरांत भिंतीवर हार घातलेले तरुण फोटो आहेत, ते मी मोजायला बसत नाही. होडीबरोबर त्यानं दोन लाइफ जॅकेटं घेतली, त्यांची किंमत मात्र कुणी विचारली नाही.

आता कमाईचं. हे पैसे आले कुठून? २०१६ चा उन्हाळा आठवा. नाथसागर मृतसाठ्यात गेला होता. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तोच उन्हाळा. त्या वर्षी हा पोरगा चाकणकडं एका गोदामात पोती उचलायला गेला. पाऊस झाला, धरणात पाणी आलं, तसा परत आला. पुन्हा जाळं, पुन्हा थर्माकोल. अशी वर्षं खाऊन उरलेलं ते धन आहे. त्याला मी नशिबाची लॉटरी म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती बाहेरच्याला दिसत नाही. आपल्याकडं ऊसतोडीला उचल असते, तशी मासेमारीतही असते. व्यापारी जाळ्याला पैसे देतो, सणाला पैसे देतो, दवाखान्याला देतो. मग मासा त्यालाच द्यायचा, भाव तो म्हणेल तो. काटा त्याचा, वही त्याची. जाळं तुमच्या खांद्यावर असतं, पण ते तुमचं नसतं. या पोरानं आधी उचल फेडली, मग होडी घेतली. काही भाग बँकेचा आहे. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही लागू झालंय, आणि २०२० पासून प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान धरलेलं आहे. आपल्या आयाबहिणींनी तो आकडा लक्षात ठेवावा.

बर्फाची पेटी घेतल्यानं काय झालं ते बघा. मे महिन्यात पहाटे निघालेला कटला मासा दहा वाजेपर्यंत उघड्यावर राहिला की कल्ल्यांचा लाल रंग तपकिरी पडतो, पोट मऊ लागतं. व्यापारी अंगठ्यानं दाबून बघतो आणि भाव पाडतो. आपल्या उन्हाळ्यात किलोला किलोभर बर्फ लागतो. तेवढा बर्फ थर्माकोलवर कसा नेणार? इंजिन आणि पेटी आल्यापासून हा तोच मासा, तेवढाच मासा, आठ वाजता काठावर ताजा उतरवतो आणि दोन ठिकाणी भाव विचारून विकतो. जास्त मासा मारून नव्हे, मासा नासू न देऊन त्याची मिळकत वाढली. पारावरच्या मंडळींनी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

म्हणजे महाग ते सगळं चांगलं, असं मी म्हणतोय का? अजिबात नाही. कोकणात बघा. समुद्रात प्रखर एलईडी दिवे सोडून मासे गोळा करायचे आणि सगळा थवाच्या थवा उचलायचा, यावर केंद्रानं २०१७ मध्ये बंदी घातली. त्याआधी २०१६ मध्ये राज्यानं पर्ससीन जाळ्यांवर, म्हणजे थव्याभोवती घेर टाकून खालून आवळायच्या मोठ्या जाळ्यांवर, निर्बंध आणले. ती साधनं लाखो रुपयांची होती, आणि ती हावच होती.

पण हाव स्वस्तही असते. दोन वर्षांपूर्वी श्रावणात मी काठानं चाललो होतो. उथळात दोघं जण मच्छरदाणीचं कापड ओढत होते. शे-दोनशे रुपयांचा माल. कापड वर आलं तेव्हा आत ओंजळभर चांदी थरथरत होती. बोटाएवढी पिल्लं, म्हणून तर त्यांना बोटुकली म्हणतात. रोहू, कटला, मृगळ साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून बोटुकली विकत आणून धरणात सोडावी लागते. वर्षभरात तिचा किलोच्या घरात जाणारा मासा होतो. ते दोघं पुढच्या वर्षाचं पीक मूठ-मूठ करून पाटीत टाकत होते, वीस रुपये वाट्यानं विकायला. त्यांच्या घरची चूल मला माहीत आहे, म्हणून मी त्यांना शिव्या दिल्या नाहीत. पण हाव कुठं बघायची असं कुणी विचारलं, तर मी इंजिनाकडं नाही, त्या कापडाच्या भोकाकडं बोट दाखवीन.

शहरातून सुट्टीच्या दिवशी महागडे गळ घेऊन येणाऱ्यांविषयीही मला विचारलं गेलं. हौस आहे त्यांची. गळाला एका वेळी एकच मासा लागतो. काठावर प्लास्टिक टाकू नका, तुटलेला तंगूस गोळा करून न्या, एवढंच सांगणं.

या पोराचे आजोबा ऐंशीच्या पुढचे आहेत. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीचा पाया घातला तेव्हा ते विशीत होते, गोदावरीच्या डोहात जाळं टाकत होते. सुती जाळं, साल उकळून त्या काढ्यात बुडवलेलं. दोरा पायाच्या अंगठ्यात धरून विणायचे. आजही त्या अंगठ्यावर खाच आहे. आटत्या डोहात शेवटचं जाळं टाकायचं नाही, हा त्यांच्या घरचा नेम.

होडी आली त्या संध्याकाळी नातवानं त्यांना हाताला धरून काठावर आणलं. मी तिथं होतो. इंजिनाकडं त्यांनी एकदा बघितलं. किती पडले, हे विचारलं नाही. नवं जाळं मांडीवर ओढून घेतलं, डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणून आसात, म्हणजे जाळ्याच्या भोकात, एक-एक बोट घालत गेले. चार बोटं आत गेली, तरी जागा उरली.

"लहान मासा निघून जाईल की रं यातून," ते म्हणाले.

"जाऊ द्या आबा. त्याच्यासाठीच घेतलंय," पोरगा म्हणाला.

आबांनी जाळ्याची घडी घातली आणि आपल्या हातानं होडीत ठेवली.